ज्ञातिहित आणि नगरहित

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात बोलावयास उभे राहणाऱ्याने ज्ञातीच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करावे, देणगीदारांचे ऋण मान्य करावे आणि खाली बसावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. आज व्यासपीठावर पारितोषिके घेण्यासाठी जी मुले-मुली येऊन गेली, त्यांच्याकडे पाहताना मलाही धन्यता वाटली. त्यांतील कित्येकांच्या आईवडिलांना याच मंडळाने शिष्यवृत्ती दिली होती, हे मला ठाऊक आहे. परंतु अध्यक्षमहाराजांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, आणि त्या मोकळिकीचा लाभ घेऊन मी आज एका कागदाविषयी बोलणार आहे.

हा कागद म्हणजे पुणे महानगरपालिकेकडे आपल्या मंडळाने काही वर्षांपूर्वी दिलेला एक अर्ज होय. त्या वेळी मी मंडळाचा चिटणीस होतो. मजकूर माझा आहे, आणि सह्यांमध्ये पहिली सही माझीच आहे. तेव्हा आज मी जे काही बोलेन ते सर्वप्रथम माझ्याविरुद्ध बोलेन, हे आरंभीच सांगून ठेवतो. दुसऱ्यावर दोषारोप करण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही.

प्रसंग असा घडला. आपल्या मंगल कार्यालयाच्या मागील बाजूस महापालिकेच्या मालकीची एक लहानशी मोकळी जागा आहे. घरोघर फिरून कचरा गोळा करणाऱ्या स्त्रियांना सुका कचरा निवडण्यासाठी त्या जागेवर पत्र्याची एक शेड बांधून द्यावी, असे महापालिकेने योजिले होते. कागद, पुठ्ठा, काच, प्लॅस्टिक वेगवेगळे करावयाचे आणि संध्याकाळच्या आत तेथून हलवावयाचे, एवढेच तेथे व्हावयाचे होते. बातमी कानी येताच आपण कार्यकारी मंडळाची तातडीची सभा बोलाविली. मंगल कार्याच्या पावित्र्याचा भंग होईल, दुर्गंधी सुटेल, रोगराई पसरेल, अशी कारणे मी अर्जात एकामागून एक मांडली. शंभराच्यावर सह्या गोळा झाल्या. मंडळाचा शिक्का उमटला. थोड्याच आठवड्यांत शेडचा बेत रहित झाल्याचे आपणास कळविण्यात आले. त्या वर्षीच्या अहवालात ‘मंडळाच्या प्रयत्नांस यश’ असे एक वाक्य आहे. तेही मीच लिहिले आहे.

ती शेड मग कोठे गेली, हे मात्र आपल्यापैकी कोणी विचारले नाही. ती कोठेच गेली नाही. पुढे दोन वर्षांनी, ऐन लग्नसराईत, एका सकाळी मी कार्यालयाच्या फाटकाशी उभा होतो. आदल्या रात्री पाचशे पानांचे जेवण झाले होते. पत्रावळी, द्रोण, पाण्याच्या बाटल्या, उष्टे अन्न, हारतुरे आणि अक्षता या सर्वांचा एकच ढीग फाटकाबाहेर रचून ठेवला होता. कचरा नेणारी बाई त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बाटल्या बाहेर काढीत होती. मी तिला जरा घाईने म्हणालो की, पाहुणे येण्याची वेळ झाली आहे, लवकर आटप. तिने मान वर केली आणि शांतपणे विचारले, “काका, लग्न तुमच्या घरचं, पंगत तुमची, मग कचराच तेवढा माझा कसा हो?”

मला उत्तर सुचले नाही. मग काहीतरी बोलावयाचे म्हणून मी विचारले, हे सारे निवडता कोठे? तिने नाल्याकाठच्या भिंतीकडे बोट दाखविले. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम तेथे जाऊन पाहिले. उन्हात, उघड्यावर, पदपथावर फाटकी ताडपत्री अंथरून सहा-सात स्त्रिया आमचा, होय, आमचाच कचरा निवडीत बसल्या होत्या. जवळ पाण्याचा नळ नव्हता. आडोसा नव्हता. ज्या वस्तीच्या दाराशी हे काम चालले होते, त्या वस्तीकडे नाव छापलेला कागद नव्हता, शिक्का नव्हता, आणि तिचा अर्ज लिहून देणारा चिटणीसही नव्हता. दुर्गंधी व रोगराई यांची जी भीती मी अर्जात वर्णिली होती, ती नाहीशी झालेली नव्हती. आम्ही ती उचलून केवळ दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवली होती.

बंधुभगिनींनो, हा प्रसंग लहान आहे, हे मी जाणतो. परंतु आपण एका गल्लीत जे केले, तेच आपल्या शहराने फार मोठ्या प्रमाणावर केलेले आहे. पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडला टाकीत असत. कोथरूडला वस्ती वाढली, तेथील नागरिकांना त्रास होऊ लागला, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी कचऱ्याच्या गाड्या उरुळी देवाचीकडे वळल्या. शहराची पीडा दूर झाली. परंतु उरुळी आणि शेजारचे फुरसुंगी या गावांच्या विहिरींचे पाणी बिघडले. गावांनी अर्ज केले, मोर्चे काढले, आश्वासने घेतली, आणि पुन्हा मोर्चे काढले. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, तेव्हा ग्रामस्थांनी शहराच्या गाड्या अडविल्या. त्या वेळी काही आठवडे आपल्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले होते. आपण नाकाला रुमाल लावून त्या ग्रामस्थांस दूषणे दिली. ज्या गोष्टीस ती गावे पंचवीस वर्षे तोंड देत होती, ती आपल्याला पंचवीस दिवसही सोसवली नाही, याचा विचार करण्यास मात्र आपल्याला सवड झाली नाही. ‘आमच्या दारात नको’ असे जेव्हा प्रत्येक पेठ, प्रत्येक सोसायटी आणि प्रत्येक ज्ञाती म्हणते, तेव्हा ज्याचा आवाज सर्वांत क्षीण असतो त्याच्याच दारात ती वस्तू जाऊन पडते. यात दैवाचा काही भाग नाही. हे सह्यांचे आणि शिक्क्यांचे काम आहे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, आणि त्या वेळी तो घेतलाही गेला, की ज्ञातिमंडळाचे कार्य ते नव्हे. शिष्यवृत्त्या द्याव्यात, वधूवर मेळावे भरवावेत, वृद्धांना औषधपाण्यास साहाय्य करावे, आणि नगराचा कारभार नगरसेवकांवर सोपवावा. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. माझे उत्तर असे की, मंडळ नगराच्या कारभारात पडत नाही, हे वस्तुतः खरे नाही. ते पडते, परंतु केवळ स्वतःपुरते पडते. मंडळाचे जुने इतिवृत्त मी चाळून पाहिले. महापालिकेकडे आपण जे अर्ज केले, त्यांत एका चौकास आपल्या ज्ञातीतील थोर पुरुषाचे नाव द्यावे हा एक आहे. कार्यालयासमोर वाहने उभी करण्यास सवलत मिळावी हा दुसरा, मिळकतकरात सूट मिळावी हा तिसरा, आणि शेड नको हा चौथा. आपल्या गल्लीतील सार्वजनिक स्वच्छतागृह स्त्रियांना वापरण्याजोगे करावे, असा अर्ज मला त्यात आढळला नाही. आपल्याच कार्यालयात भांडी घासणाऱ्या बायकांना त्याची रोज गरज पडते, तरीही आढळला नाही.

शिवाय आपल्या अर्जाला वजन येते ते कोठून? युक्तिवादाच्या बळावर ते आले असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. अर्ज लिहिणारा मीच असल्यामुळे त्यातील युक्तिवाद किती पोकळ होता, हे मला ठाऊक आहे. वजन आले ते मतांचे. या प्रभागात आपली घरे किती, हे निवडणुकीस उभे राहणाऱ्या प्रत्येकास तोंडपाठ असते. तो आपल्या कार्यालयात येतो, सत्कार स्वीकारतो, जेवून जातो. मतांची ही गोळाबेरीज आपण रागाने ‘जातीचे राजकारण’ म्हणून धिक्कारतो, आणि तिचा लाभ मात्र मुकाट्याने पदरात पाडून घेतो. ज्या संस्थेपाशी अशी शक्ती आहे, तिने ‘नागरी प्रश्नांशी आमचा संबंध नाही’ असे म्हणणे हे विनयाचे लक्षण नव्हे. ती जबाबदारीची टाळाटाळ होय.

या बाबतीत मार्ग दाखविणारी माणसे आपल्याच नगरात होऊन गेली आहेत. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीप्रीत्यर्थ शहर सजविण्यावर पैसा उधळण्यास त्यांनी विरोध केला, आणि तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा अशी त्यांची मागणी होती. गावात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी नगरपालिकेचे लक्ष तिकडे वेधले. आणि सभासदत्व मिळण्याच्याही पूर्वी, १८६८ साली, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला होता. हा क्रम माझ्या मते फार महत्त्वाचा आहे. प्रथम स्वतःच्या घरचा हौद, आणि मग नगरपालिकेच्या सभागृहातील मागणी. आपण क्रम उलटा लावला. सभागृहाकडे मागणी केली, आणि स्वतःच्या फाटकाबाहेर ढीग रचून ठेवला.

दुसरे उदाहरण रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे देतो, कारण ते आपल्यासारख्या संस्थांना विशेष जवळचे आहे. बोले हे भंडारी समाजातून पुढे आलेले पुढारी. स्वतःच्या ज्ञातीच्या उन्नतीसाठी ते झटले. परंतु मुंबईच्या कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये त्यांनी जो ठराव संमत करून घेतला, तो स्वतःच्या ज्ञातीपुरता नव्हता. सरकारी पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही स्थाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुली असावीत, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला.

पुढे काय झाले, ते आपण सर्व जाणतो. ठराव कागदावर राहिला. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक त्या तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्राशन केले, तेव्हा त्या ठरावास प्रथम अर्थ आला. लागलीच सनातनी मंडळींनी त्यांना मारहाण केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचा ठराव मागे घेतला. तळे खाजगी मालकीचे आहे असे सांगून काही मंडळी न्यायालयात गेली, आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला, तेव्हा कोठे वाद मिटला. ठराव होण्यापासून न्याय मिळेपर्यंत तेरा वर्षे गेली.

महाडचा इतिहास सांगताना आपण सहसा सत्याग्रहींची बाजू आपली मानतो. परंतु क्षणभर दुसऱ्या बाजूकडे पाहा. तळे आटेल, बाटेल, धर्म बुडेल, असे सांगणारे लोक कोण होते? ते राक्षस नव्हते. ते गावातील प्रतिष्ठित गृहस्थ होते. त्यांनाही पावित्र्याची चिंता होती. त्यांच्याहीपाशी कागद होते, सह्या होत्या, आणि न्यायालयात जाण्याइतका पैसा होता. माझ्या अर्जातील ‘मंगल कार्याचे पावित्र्य’ हे शब्द मी पुन्हा वाचले, तेव्हा मला त्या गृहस्थांची आठवण झाली. हे सांगताना मला संकोच वाटतो, परंतु सांगितलेच पाहिजे. आपल्या कार्यालयाचा कचरा ज्या स्त्रिया उचलतात, त्यांपैकी बहुतेक ज्या समाजांतून येतात, त्यांना ते काम परंपरेने का चिकटले, हे या सभागृहात कोणास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शेड नको असे लिहिताना मी दुर्गंधीचे नाव घेतले होते. मला नकोशी वाटत होती ती केवळ दुर्गंधीच होती का, हा प्रश्न मी स्वतःला त्या वेळी विचारला नाही. आज विचारतो.

ज्ञातिसंस्था मोडून टाकाव्यात, असे माझे म्हणणे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले, आणि त्यांतून खेड्यापाड्यांतील कित्येक पिढ्या शिकून बाहेर पडल्या. मुंबईत गावदेवीस १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापिली, आणि सहकारी पद्धतीने घरे बांधण्याचा तो धडा पुढे सर्वांनी गिरविला. ज्ञाती हे पहिले पाऊल टाकण्याचे ठिकाण होऊ शकते, एवढे यावरून सिद्ध होते. दुसरे पाऊल कोठे टाकावयाचे, हा खरा प्रश्न आहे. जे पाऊल उंबरठ्याच्या आतच फिरत राहते, त्याला प्रगती म्हणता येणार नाही.

जातपंचायत आणि ज्ञातिमंडळ यांतील भेदही येथे स्पष्ट केला पाहिजे. जातपंचायत हुकूम सोडते, आणि न ऐकणाऱ्यास वाळीत टाकते. हा अन्याय थांबविण्यासाठी महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा २०१६ चा कायदा केला, आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. वाळीत टाकणे हा त्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कारावासास पात्र असा गुन्हा ठरविला आहे. आपले मंडळ तसे कधी नव्हते आणि नाही. आपण सभासदांना हुकूम करीत नाही, विनंती करतो. पण ज्याच्या हाती हुकुमाची शक्ती नाही, त्याच्याजवळ उदाहरणाशिवाय दुसरे साधन तरी कोणते आहे? आपण काय सांगतो याकडे आपली मुले पाहत नाहीत. आपल्या फाटकाबाहेर काय पडले आहे, तेच त्यांना दिसते.

आता साधनांविषयी थोडे बोलतो. नागरिकाने करावयाचे काम अवघड आहे, कार्यालयांत कोणी दाद देत नाही, अशी आपली तक्रार असते. ती अगदीच निराधार नाही. तथापि मार्गही आहेत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरांच्या स्वराज्यास घटनेचा आधार मिळाला, आणि बाराव्या अनुसूचीत जे अठरा विषय नमूद झाले त्यांत आरोग्य, सफाई व घनकचरा यांचा समावेश आहे. तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या नगरांत प्रभाग समित्या असाव्यात, असेही घटनेने सांगितले. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना मागविण्याची प्रथा सुरू केली. पदपथ, दिवे, बसथांबे, स्वच्छतागृहे अशा लहान कामांची सूचना कोणीही नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून करू शकतो. माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर साडेतीन वर्षांहून अधिक काळ पुण्यात निवडून आलेले सभागृह नव्हते आणि कारभार प्रशासकांच्या हाती होता, तेव्हा तर नगरसेवकाच्या दाराशी जाण्याची आपली जुनी वाट बंदच झाली होती. त्या काळात ज्या वस्त्यांनी स्वतः अर्ज भरण्याची आणि स्वतः पाठपुरावा करण्याची सवय लावून घेतली, त्यांचे काम अगदीच अडले नाही. आपल्याला ती सवय नव्हती.

कचऱ्यापुरते बोलावयाचे, तर पुण्याने काही चांगले धडेही घालून दिले आहेत. कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना संघटित करण्यासाठी १९९३ साली येथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांचा तिला आधार लाभला. याच बाबांनी १९७० च्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ चालविली होती, म्हणजे महाडचा प्रश्न त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनीही खेड्याखेड्यांत शिल्लक होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. या पंचायतीतूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली, आणि २००८ साली तिने महापालिकेशी करार केला. उकिरड्यावर वेचणारी स्त्री घरोघरी सेवा देणारी सभासद झाली. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा निर्माण करणाऱ्यानेच वेगळा करून द्यावा, असे सांगितले. ‘मग कचराच तेवढा माझा कसा?’ हा त्या बाईचा प्रश्न कायद्याने आधीच विचारलेला होता. आम्हीच तो वाचला नव्हता.

म्हणून आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे मी चार सूचना ठेवीत आहे, आणि त्यांस आपला पाठिंबा मागत आहे.

पहिली सूचना आपल्या स्वतःच्या हौदाची. कार्यालय भाड्याने देताना कचरा जागीच वेगळा करण्याची अट लेखी घालावी आणि त्यासाठी अनामत घ्यावी. प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले व पाण्याच्या छोट्या बाटल्या कार्यालयात आणू देऊ नयेत. आचाऱ्यांना व वाढप्यांना तशी समज द्यावी. उष्टे-खरकटे व हारफुले यांचे खत मागच्या अंगणात करावे. तेथे जागा पुरेशी आहे. आज त्या जागेत मोडक्या खुर्च्या पडल्या आहेत.

दुसरी सूचना त्या अर्जाची. आपला अर्ज आपण लेखी मागे घ्यावा, आणि त्याच जागेवर शेड बांधावी अशी विनंती महापालिकेस करावी. मात्र ती नीट बांधावी, हा आग्रहही धरावा. छप्पर, फरशी, पाण्याचा नळ, हातपाय धुण्याची सोय, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, आणि संध्याकाळपर्यंत माल हलविण्याचा नियम, हे सर्व मागावे. दुर्गंधीची खरी चिंता असेल तर ती दूर करण्याचा मार्ग हा आहे. काम कसे व्हावे हे सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. ते दुसऱ्याच्या दारात व्हावे असे म्हणण्याचा नाही.

तिसरी सूचना सभागृहाची. महिन्यातून एक संध्याकाळ हे सभागृह परिसरातील सर्व नागरिकांच्या सभेसाठी विनामूल्य द्यावे. नाल्याकाठच्या वस्तीसही त्याचे निमंत्रण असावे, आणि येणाऱ्यास जात वा आडनाव विचारले जाऊ नये. अंदाजपत्रकाच्या सूचनांचे अर्ज भरण्याच्या दिवसांत आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींनी तेथे बसून, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज भरून द्यावेत. आज ज्यांना पारितोषिके मिळाली, त्यांच्यापासूनच आरंभ व्हावा.

चौथी सूचना मंडळाच्या नावाची. सार्वजनिक सोयीस विरोध करणारा कोणताही अर्ज मंडळाच्या नावाने जाऊ नये, जोपर्यंत त्या सोयीची ज्यांना गरज आहे त्यांच्याशी मंडळाचे प्रतिनिधी समक्ष जाऊन बोललेले नाहीत. मी स्वतः दोनशे पावले चालून नाल्यापर्यंत गेलो असतो, तर तो अर्ज लिहिला नसता.

या सूचनांची किंमत मोजावी लागेल, हे मी लपविणार नाही. अटी घातल्या की काही गिऱ्हाईक दुसऱ्या कार्यालयाकडे जाईल. मागे शेड झाली की आणखी काही जाईल. कार्यालयाच्या उत्पन्नावरच आपला शिष्यवृत्ती निधी चालतो. म्हणजे या निर्णयाची झळ आपल्याच गरजू मुलांना लागण्याचा संभव आहे. कोषाध्यक्षांनी मला हे बजावले, आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे. कार्यकारी मंडळातील जे बंधू या सूचनांस विरोध करणार आहेत, त्यांच्या मनातही याच मुलांची काळजी आहे. त्यांना मी प्रतिगामी म्हणणार नाही, आणि आपणही म्हणू नये.

परंतु त्यांना मी एवढेच विचारीन की, ही तूट आपण कोणाकडून भरून काढीत आहोत? आजवर ती नाल्याकाठच्या त्या सहा-सात स्त्रियांनी भरली. त्यांनी ऊन सोसले, म्हणून आपले कार्यालय मंगल राहिले, आणि त्यातून आपल्या मुलांची फी भरली गेली. त्यांच्याही घरी शाळेत जाणारी मुले आहेत. आपल्या शिष्यवृत्तीत त्यांचा न विचारता घेतलेला वाटा आहे. तो त्यांना परत करावयाचा, आणि तूट आपण आपल्या खिशातून भरावयाची, हाच सरळ व्यवहार आहे. प्रत्येक सभासद कुटुंबाने वार्षिक वर्गणीखेरीज शिष्यवृत्ती निधीस यथाशक्ति रक्कम द्यावी, असे आवाहन मी करतो. माझा वाटा मी आज सकाळी कोषाध्यक्षांकडे दिलेला आहे. त्याचा गवगवा करण्यासाठी हे सांगत नाही. दुसऱ्यास सांगण्यापूर्वी स्वतः करावे, हे मी उशिरा शिकलो, म्हणून सांगतो.

आपल्या पूर्वजांनी हे कार्यालय बांधले, तेव्हा परगावाहून शिक्षणासाठी येणाऱ्या ज्ञातीच्या मुलास पाठ टेकावयास जागा असावी, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो आपल्या माणसाचा. तो प्रश्न त्यांनी सोडविला. आपल्यापुढे प्रश्न आहे तो ‘आपला माणूस’ या शब्दाच्या व्याप्तीचा. फाटकाबाहेर उभी राहून मला ‘काका’ म्हणणारी ती बाई त्यात येते की नाही, याचे उत्तर आज दुपारी सभेत आपण हात वर करून द्यावयाचे आहे.